जखमी घुबडाच्या पिल्लाला निसर्गात परत सोडण्याची तयारी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: रस्त्याच्या कडेला गव्हाणी घुबडाचे एक पिल्लू मिळाले, त्याचा डावा पंख लोंबतो आहे, चार दिवसांपासून ते घरी खोक्यात आहे आणि हातातून कोंबडीच्या मांसाचे तुकडे खाते आहे, पंख बरा झाल्यावर त्याला शिकार कशी शिकवावी आणि केव्हा सोडावे? चेहऱ्याची हृदयाकृती तबकडी पूर्ण भरलेली, पंखांची पिसे बरीच वाढलेली, पण मांड्यांवर आणि पोटावर पांढरी लव अजून शिल्लक, असे वर्णन आपण केले आहे. त्यावरून ते सहा-सात आठवड्यांचे असावे. शिकारीबद्दलचे उत्तर आधीच देऊन टाकतो: गव्हाणी घुबडाला शिकार शिकवावी लागत नाही. त्याचे आईबापही ती शिकवत नाहीत, ते फक्त पिल्लू स्वतः पकडू लागेपर्यंत त्याला खाऊ घालत राहतात. मात्र ही उपजत जाण उपयोगी पडायची असेल तर आवाज न करणारे पंख, शाबूत कान आणि डोळे, मजबूत हाडे आणि माणसाविषयीची भीती हे सगळे जागेवर असावे लागते. यांतले बहुतेक बिघाड होतात ते पिल्लू सापडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, घरातल्या खोक्यात आणि चांगल्या हेतूने. म्हणून या उत्तराचा मोठा भाग सोडण्याच्या दिवसाविषयी नाही, आजच्या दिवसाविषयी आहे.

बहुतेक देशांत वन्य पक्षी परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी लोंबणाऱ्या पंखाचे निदान क्ष-किरण चित्राशिवाय होत नाही. त्यामुळे पिल्लू आजच परवानाधारक वन्यजीव उपचार केंद्राकडे किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे पोहोचवावे. पुढे लिहिलेले बरेचसे काम तेथील माणसे करतील. ते का करतात हे माहीत असले म्हणजे आपल्याला योग्य प्रश्न विचारता येतात आणि तोवर नको त्या गोष्टी टाळता येतात.

नेईपर्यंत त्याला पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावे. हवेसाठी खालच्या बाजूला भोके असावीत, तळाशी न घसरणारे कापड असावे आणि खोके इतकेच मोठे असावे की पिल्लाला उभे राहता येईल पण पंख फडफडवता येणार नाहीत. तारेचा पिंजरा नको. तारांत अडकून उड्डाणपिसांची टोके तासाभरात तुटू शकतात. उचलताना वरून टॉवेल टाकून आधी पाय ताब्यात घ्यावेत, कारण घुबड चोचीपेक्षा नखांनी जास्त इजा करते. आणखी एक गैरसमज वारंवार आढळतो. खोक्यात डोळे मिटून निश्चल बसलेले पिल्लू शांत झाले, रुळले, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात डोळे मिटून स्तब्ध राहणे ही त्याच्या घाबरण्याची एक रीत आहे. डोलणारे, फुत्कारणारे, चोच आपटणारे पिल्लू मला त्यापेक्षा आश्वासक वाटते, कारण लढण्याइतकी शक्ती त्याच्यात उरलेली असते. थोपटणे, बोलणे, लोकांना दाखवणे हे सर्व बंद करावे.

आजारी पिल्लाच्या बाबतीत ऊब, पाणी आणि अन्न हा क्रम उलटवता येत नाही. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० ते ४१ अंश सेल्सिअस असते. गारठलेल्या पिल्लाचे पचन थांबलेले असते, आणि अशा वेळी पोटात गेलेले मांस तिथेच कुजू लागते. घुबडांना इतर शिकारी पक्ष्यांसारखी गळ्यातली अन्नपिशवीही नसते. खाल्लेले थेट पोटात जाते, त्यामुळे चुकीच्या वेळी भरवलेला घास मधेच अडवायला जागा नाही. शरीर ऊबदार झाल्यावर पशुवैद्य त्वचेखाली किंवा नळीने कोमट द्रव देतात. जखमी पक्ष्यात दहा टक्के निर्जलीकरण गृहीत धरून ती तूट दोन-तीन दिवसांत भरून काढायची आणि शिवाय दर किलो वजनाला दिवसाकाठी सुमारे ५० मिलिलिटर एवढी रोजची गरज भागवायची, असा हिशेब असतो. घरी ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडते आणि पाणी सहज फुप्फुसात जाते. निरोगी घुबडाला जवळजवळ सगळे पाणी भक्ष्यातूनच मिळते, तेव्हा ते वाटीतले पाणी पीत नाही याची काळजी करू नये.

आता अन्न. मांसाचे निव्वळ तुकडे वाढत्या पिल्लाला देणे ताबडतोब थांबवावे. स्नायूंच्या मांसात कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट स्फुरद असते. रक्तातला समतोल राखण्यासाठी शरीर मग हाडांतले कॅल्शियम उपसू लागते आणि भराभर वाढणाऱ्या पिल्लाची हाडे थोड्याच दिवसांत मऊ पडून वाकतात. वाकलेल्या हाडाचे पिल्लू जगते, खाते, वरवर चांगले दिसते आणि कधीही नीट उडू शकत नाही. चार दिवसांत कायमचे नुकसान झालेच असेल असे नाही, पण केंद्रात हे आवर्जून सांगावे, म्हणजे क्ष-किरण चित्रात पंखाबरोबर हाडांची घनताही पाहिली जाईल. दूध, पाव, अंड्याचा बलक यांतले काहीही देऊ नये. या वयाच्या पिल्लाचा आहार म्हणजे अख्खा उंदीर, हाडे, आतडी आणि केसांसकट. २० ते २५ ग्रॅम वजनाचे साधारण तीन ते चार उंदीर एका रात्रीला. उंदीर प्रयोगशाळेत किंवा खाद्यासाठी वाढवलेले आणि गोठवून पूर्ण वितळवलेले असावेत. घराच्या परिसरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नये, कारण त्याने विष खाल्लेले असण्याची शक्यता असते. ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन यांसारखी रक्त गोठू न देणारी विषे उंदरातून घुबडात उतरतात. मार लागून आलेल्या घुबडाची जखम विनाकारण वाहत राहिली तर मी प्रथम याच विषाची शंका घेतो, कारण विषाने मंदावलेले घुबडच वाहनापुढे येण्याची शक्यता जास्त असते.

न पचलेले केस आणि हाडे घुबड गोळी करून तोंडावाटे बाहेर टाकते, आणि अन्न नीट पचते आहे की नाही हे त्या गोळीवरून कळते. ताजी गोळी काळी, ओलसर आणि लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत असते. वाळल्यावर राखाडी होते, आणि पाण्यात भिजवून उकलली तर उंदराच्या कवट्या जशाच्या तशा सापडतात. खाल्ल्यानंतर दिवसभरात गोळी आली नाही, किंवा आलेल्या गोळीत मांस तसेच राहिले असेल, तर पुढचे भरवणे थांबवून पोटाकडे लक्ष द्यावे लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत, द्रवाची तूट भरेपर्यंत, केस काढलेले मऊ मांस पूरक कॅल्शियम लावून देतात ते याच कारणासाठी. वजन रोज एकाच वेळी, गोळी टाकल्यानंतर घ्यावे आणि सोबत छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांनी चाचपावेत. गव्हाणी घुबडाचे पिल्लू सहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रौढापेक्षाही जड असते आणि उडण्यापूर्वी ते आपोआप हलके होते. त्यामुळे या काळात नुसता वजनकाटा पाहून घाबरू नये, हाताला लागणारे स्नायू जास्त खरे सांगतात.

पंखाविषयी. कोपरापुढच्या दोन हाडांपैकी एकच मोडले असेल तर दुसरे हाड आपोआप आधार देते आणि इंग्रजी आठच्या आकाराच्या पट्टीवर भागते. खांद्यापासून कोपरापर्यंतचे हाड मोडले असेल तर बहुधा शस्त्रक्रिया करून सळई घालावी लागते. त्या हाडात हवेची पोकळी असून ती श्वसनाशी जोडलेली असते, म्हणून उघडी जखम तिथे अधिक धोक्याची असते. मोडतोड सांध्यात किंवा सांध्याला लागून असेल तर पुन्हा पूर्ण क्षमतेने उडण्याची आशा फार थोडी राहते. पक्ष्याचे हाड लवकर जुळते, नीट बसवलेले असल्यास सुमारे तीन आठवड्यांत. आणि नेमकी हीच गोष्ट लोकांची फसगत करते. पट्टी बांधून तीन आठवडे हात न लावता ठेवली तर हाड जुळते खरे, पण खांदा आणि मनगट यांच्यामध्ये ताणलेली जी कातडीची पडदी पंखाच्या पुढच्या कडेला असते ती आखडून जाते आणि पंख पुन्हा पूर्ण उघडत नाही. म्हणून पट्टी दर काही दिवसांनी सोडून, गरज पडल्यास भूल देऊन, पंख हलक्या हाताने ताणावा लागतो. घरी चिकटपट्टीने पंख बांधण्याचा प्रयत्न करू नये आणि माणसांची वेदनाशामक औषधे तर अजिबात देऊ नयेत.

पंखापेक्षा मला डोळ्यांची आणि कानांची चिंता अधिक असते, कारण पंखाची इजा सर्वांना दिसते आणि ही कोणालाच दिसत नाही. घुबडाचा डोळा गोल नसून नळीसारखा लांबट असतो, हाडाच्या कड्यात घट्ट बसलेला असतो आणि खोबणीत फिरत नाही. डोक्याला धक्का बसला की रक्तस्राव किंवा पडद्याची फाटाफूट डोळ्याच्या मागच्या भागात होते आणि पुढून डोळा स्वच्छ, टपोरा दिसत राहतो. बॅटरीचा प्रकाश टाकून बाहुली आकसते का हे पाहणे पुरेसे नाही. पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू त्यांच्या इच्छेनेही हलतात, त्यामुळे ती प्रतिक्रिया फसवी ठरू शकते. डोळ्याचा तळ उपकरणाने पाहायलाच हवा. कान पाहण्यासाठी तबकडीच्या कडेची पिसे बोटाने बाजूला सारून झडप उचलली की आत निळसर-करडी, गुळगुळीत अशी एक बाजू दिसते. ती खुद्द नेत्रगोलाची बाहेरची भिंत असते. प्रथम पाहणारा दचकतो. तिथे रक्त साकळलेले दिसले तर मार डोक्याला बसला आहे हे नक्की. गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि आवाज वरून आला की खालून हे ते त्या फरकावरून ठरवते. रॉजर पेन आणि मासाकाझू कोनिशी यांच्या प्रयोगांनी दाखवले की पूर्ण अंधारातही ते केवळ खसफस ऐकून उंदीर अचूक पकडू शकते. यावरून एका कानाची सूज किंवा संसर्ग त्याला किती महागात पडेल याची कल्पना येईल.

एक डोळा गेलेल्या घुबडाला सोडावे की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझे मत असे की कान शाबूत असलेले आणि जिवंत भक्ष्य सलग अनेक रात्री पकडून दाखवणारे प्रौढ गव्हाणी घुबड सोडायला हरकत नाही. पिल्लाच्या बाबतीत मी अधिक कडक राहतो, कारण त्याच्या गाठीशी अनुभव नसतो आणि पहिल्या वर्षी धडधाकट पिल्लांपैकीही निम्म्याहून कितीतरी अधिक मरतात. याच कारणाने, जिथे पंख किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाले आहेत तिथे वेदनारहित मृत्यू देण्याचा पशुवैद्याचा सल्ला क्रूर मानू नये. माणसाला भिणाऱ्या वन्य पक्ष्याने उरलेले आयुष्य पिंजऱ्यात काढणे हा त्याच्यावरचा उपकार असतोच असे नाही.

आपले पिल्लू हातातून खाते, याचा आपल्याला आनंद वाटला असावा. मला तेच सर्वांत जास्त खटकले. अगदी लहान वयात माणसाच्या हाती वाढलेले घुबड माणसालाच आपली जात समजू लागते. पुढे ते माणसाकडे अन्न मागत येते आणि वयात आल्यावर माणसावर हल्लेही करते. आपल्या पिल्लाच्या बाबतीत दिलासा असा की सहा-सात आठवडे ते भावंडांत आणि आईबापांत वाढलेले आहे, त्यामुळे आपण कोण हे त्याला ठाऊक आहे. ते फक्त माणसाला सरावू लागले आहे, आणि हा सराव सुटू शकतो. त्यासाठी त्याला आपल्याच जातीच्या इतर पिल्लांबरोबर आणि शक्यतो एखाद्या प्रौढ घुबडाबरोबर ठेवावे, अन्न झरोक्यातून अंधारात आणि न बोलता सरकवावे, आणि देणाऱ्याचा चेहरा त्याला दिसू नये. एकटे पिल्लू आले की चांगली केंद्रे दुसऱ्या केंद्रात समवयस्क पिल्लू आहे का याची चौकशी करतात. तशी चौकशी झाली का, हे आपण विचारावे.

इजा किरकोळ निघाली तर उत्तम पर्याय याहून सोपा आहे: पिल्लू मूळ घरट्यात परत ठेवणे, किंवा ते शक्य नसल्यास जवळपासच्या घरट्यातल्या समवयस्क पिल्लांत मिसळणे. आईबापांना पिल्लांची संख्या मोजता येत नाही आणि माणसाच्या स्पर्शाने ते पिल्लू टाकून देतात हे खरे नाही. मात्र गव्हाणी घुबडाचे पिल्लू जमिनीवर ठेवून आईबाप येतील म्हणून वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण ते खाली पडलेल्या पिल्लाकडे सहसा फिरकत नाहीत. काही इतर घुबडांची पिल्ले उडता येण्याआधीच फांद्यांवर येतात आणि पडली तरी चोच आणि नखे रोवून पुन्हा झाडावर चढतात. आईबाप त्यांना भरवतात आणि रक्षणही करतात. ते किती त्वेषाने करतात याचा पुरावा म्हणजे एरिक हॉस्किंग हा ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार, ज्याने १९३७ मध्ये अशाच एका घुबडाच्या हल्ल्यात डोळा गमावला. तेव्हा पिल्लू परत ठेवायला जाताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्यावा.

हाड जुळले की पिसांची परीक्षा सुरू होते. उपासमारीच्या किंवा आजाराच्या दिवसांत वाढलेल्या पिसावर आडवी, फिकट, कमकुवत रेघ उमटते आणि पीस पुढे तिथेच तुटते. पिल्लाला ही पहिली पिसे वर्षभराहून अधिक काळ पुरवायची असतात. तुटलेली पिसे तीन-चार असतील तर त्याच जातीच्या मृत पक्ष्याची पिसे, तीच बाजू आणि तोच क्रमांक पाहून, दांड्यात बारीक काडी बसवून जोडता येतात. पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते आणि पृष्ठभागावर मखमलीसारखी लव असते; विष्ठेने माखलेल्या किंवा तारेवर घासलेल्या पंखात ती उरत नाही. घुबड उडते पण त्याचा आवाज होतो, अशा स्थितीत ते सोडण्यास योग्य नसते. उंदराला ते येताना ऐकू येते, आणि त्याला स्वतःच्या पंखांच्या आवाजात उंदीर ऐकू येत नाही.

उड्डाणाची ही परीक्षा घेण्यासाठी उड्डाणगृह, म्हणजे पक्ष्याला उडता येईल असे मोठे बंदिस्त दालन, पुरेसे लांब हवे, गव्हाणी घुबडासाठी किमान दहा मीटरच्या आसपास, आणि त्याच्या भिंती तारेच्या नसून उभ्या पट्ट्यांच्या किंवा फळ्यांच्या हव्यात. मी अंधारात एका कोपऱ्यात बसून आधी ऐकतो आणि अवरक्त कॅमेऱ्याचे चित्रण नंतर पाहतो. दोन्ही पंख सारखे उचलले जातात का, वळण दोन्ही दिशांना घेता येते का, खालून उंच बैठकीवर चढताना दम लागतो का, उतरताना पाय धडपडतात का? लागोपाठ काही फेऱ्यांनंतर चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी अजून तयार नसतो.

जिवंत भक्ष्याची चाचणी काही देशांत मान्य आहे, काही ठिकाणी नाही. जिथे मान्य आहे तिथे पालापाचोळा पसरलेल्या हौदात, काळोखात, उंदीर सोडून पक्ष्याने तो स्वतः पकडून खाल्ला का हे पाहतात. एका रात्रीचे यश हिशेबात धरू नये. सलग काही रात्री, आणि बाहेरून दिलेले अन्न बंद असताना वजन टिकून राहते का, हे महत्त्वाचे.

प्रौढ घुबड जिथे सापडले तिथेच संध्याकाळी सोडून दिले तरी चालते, कारण त्याला आपला इलाखा माहीत असतो. पिल्लाला तसे सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे. त्याच्यासाठी सोडण्याच्या जागी उंचावर पेटी आणि तिच्यापुढे बंदिस्त जागा तयार करून दोन-तीन आठवडे तिथेच ठेवतात, मग कोरड्या हवामानाचे काही दिवस पाहून तिन्हीसांजेला दार गुपचूप उघडतात आणि पेटीवर अन्न ठेवणे चालू राहते. निसर्गातही गव्हाणी घुबडाची पिल्ले उडू लागल्यावर तीन ते पाच आठवडे आईबापांवर अवलंबून असतात, तेव्हा निदान तेवढा काळ, आणि पावसाळी हवा आल्यास त्याहून जास्त, अन्न मांडत राहावे. पावसात त्यांची मऊ पिसे भिजतात आणि शिकार जवळपास बंद पडते. जागा निवडताना वेगवान वाहनांचा रस्ता जवळ नसावा, कारण गव्हाणी घुबडांच्या मृत्यूंत रस्त्यांचा वाटा फार मोठा आहे. आणि आसपास उंदरांचे विष वापरले जात नाही ना याची चौकशी आधी करावी. मांडलेले अन्न अनेक रात्री तसेच राहू लागले तरी लगेच थांबू नये, आधी निम्मे करावे आणि पेटीखाली नव्या गोळ्या दिसतात का ते पाहावे. त्या गोळ्यांत मांडलेल्या पांढऱ्या उंदरांऐवजी रानउंदरांचे करडे केस दिसू लागले की पक्षी स्वतः पोट भरू लागला असे समजायला हरकत नाही.

आज केंद्रात जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: पिल्लू नेमके कोठे आणि किती वाजता सापडले, तेथे जवळ जुनी इमारत किंवा ढोली असलेले झाड आहे का, आतापर्यंत त्याला काय आणि किती दिले, आणि त्याने शेवटची गोळी केव्हा टाकली. पहिल्या दोन गोष्टींवरून घरटे शोधता येते, आणि त्यात भावंडे अजून असली तर पुढचे बरेचसे काम आईबापच करतील.